आखाजीचे कपडे शिवायला बसण्याआधी अस्तर भिजवा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पंधरा-वीस दिवस उरले असतील आणि यंदा पोरीचं परकर-पोलकं घरीच शिवायचं मनात असेल, तर आधी उठा आणि अस्तर भिजत घाला. बाकीचं नंतर वाचा.

गेल्या वर्षी मी खणाचं कापड मोठ्या शहाणपणाने रात्रभर भिजवलं, सावलीत वाळवलं, इस्त्री केली. अस्तर मात्र पिशवीतून काढलं ते थेट कात्रीखाली घेतलं. आतलंच तर आहे, कोण बघतंय! आखाजीच्या दिवशी पोरगी झोक्यावर मिरवली, पुरणपोळीबरोबरचा रस अंगावर सांडला, म्हणून संध्याकाळी परकर-पोलकं धुतलं. सकाळी दोरीवरून काढलं तर परकराचा खालचा घेर आत ओढला जाऊन टोपलीसारखा फुगलेला, आणि पोलक्याचे हुक काही केल्या जुळेनात. शेजारच्या मावशींनी कापड उलटं करून बघितलं आणि म्हणाल्या, "अस्तर आटी गयं वं माय!" त्याच दुपारी लग्नाला जायचं होतं. पोरीला जुना फ्रॉक घालून नेली.

झालं असं की बाजारात खण म्हणून मिळणारं पुष्कळसं कापड पॉलिस्टर मिसळलेलं असतं, ते फारसं आटत नाही. अस्तर मात्र शुद्ध सुती. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच सहज आटतं, म्हणजे बावीस इंची परकरात जवळजवळ इंचभर. वरचं तेवढंच राहिलं, आतलं इंचभर वर गेलं आणि दोघं खाली एकाच टिपेत अडकलेले. मग फुगणार नाही तर काय! आपलं कापड कशाचं आहे हे दुकानदाराच्या तोंडावर सोडू नका. कडेचे दोन धागे ओढून काडी लावून बघा. कागद जळल्यासारखा वास येऊन राख झाली तर सुती, वितळून कडक गोळी झाली तर पॉलिस्टर. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खरा सुती-रेशमी खण असेल तर ओल्या पांढऱ्या रुमालाने कोपरा चोळा, रंग उतरला तर तो वेगळा हाताळायचा. पण अस्तर कुठलंही असो, भिजवायचंच.

भिजवायला बादलीभर साधं पाणी पुरतं, साबण नको. आपल्याकडे चैत्र-वैशाखात दुपारी टाकीचं पाणी नळाला गरमच येतं, तेच घ्या, जरा गरम असलेलं बरंच. घडी मोकळी करा, नाहीतर मधला भाग कोरडा राहतो. रात्रभर ठेवा. पिळू नका, निथळू द्या, काठाला काठ लावून सावलीत टाका. उन्हात टाकलं तर अर्ध्या तासात पापडासारखं कडक होतं आणि मग इस्त्री बसत नाही. किंचित ओलसर असतानाच इस्त्री करा. त्याच बादलीत सुती लेस, नाडी आणि पायपिंगचं कापड घाला. मी लेसही विसरले होते, पण तिचं दुःख अस्तराएवढं नाही.

आता मापं. छाती, कंबर, उंची, तीरा (खांद्याची रुंदी), मुंढा (बाही जोडतो तो गोल) हे सगळ्यांना माहीत असतं. डोक्याचा घेर कुणी घेत नाही. चार वर्षांच्या पोराचं डोकं वीस इंचांच्या आसपास असतं आणि गळा हौसेने लहान कापला की कुडता कपाळावर अडकून पोरगं बोंबलतं. पुढे किंवा खांद्यावर बटणपट्टी ठेवा. छातीला दोन-तीन इंच ढिलं धरा, या उकाड्यात अंगाला चिकटणारं काही नको. परकराला खाली दोन टक (आडव्या दुमडी) घाला, पुढच्या वर्षी उसवून लांबी वाढवता येते. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारून मगच मीटर सांगा, खणाचा पन्हा कमी असतो. कात्री हातात घेण्याआधी दोरीकडे बघा. अस्तर वाळलं का? भिजवलंच नसेल तर कात्री खाली ठेवा.

नक्षीकाम कापण्याआधी करायचं. छातीच्या तुकड्याची खडूने फक्त आखणी करा, रिंग लावून भरतकाम करा, मग कापा. टाक्यांनी कापड थोडं आखडतं, आणि आधीच कापलेला लहान तुकडा रिंगमध्ये नीट बसतही नाही. कडेला वाकडंतिकडं झालं तरी पोरांच्या कपड्यात खपून जातं. मागच्या बाजूच्या गाठी मात्र पोरांना टोचतात, म्हणून आतून अस्तर लागतंच (भिजवलेलं!). नायलॉनची जाळी गळ्याजवळ अजिबात नको. तीन वर्षांखालच्या लेकरांना टिकल्या, मोती, आरसे नकोत. ती ओढतात आणि तोंडात घालतात. त्यांच्यासाठी रंगीत गोट, कापडाची चिकटफुलं नव्हे तर शिवलेली फुलं, रेशमी दोऱ्याची साखळी पुरे. डिंकाने लावलेले खडे पहिल्या धुण्यात बादलीच्या तळाशी सापडतात.

आणि लटकनं. हे ओरडून सांगते. आखाजीला पोरी दिवसभर झोक्यावर असतात. पाठीवरची लांब नाडी, गळ्यातला गोंडा दोरात अडकला तर फास बसायला वेळ लागत नाही. माझ्या पोरीच्या पाठीवरचा गोंडा एकदा दोरात गेला होता, नशीब नाडी कच्ची होती. नाडी ठेवूच नका, हुक लावा.

मशीनचं: नवी सुई, पातळ सुतीला अकरा नंबर, खणाला चौदा. बॉबिन दोन भरून ठेवा. आधी चिंधीवर टीप मारून बघा. चिंधी अस्तराची असेल तर ती भिजवलेली आहे का, एवढं विचारते.

शिवण नेहमीचीच. खांदे, बाजू, बाह्या. अस्तर आणि वरचं खाली एका टिपेत पकडू नका, दोघांचे घेर वेगवेगळे दुमडा. मग थोडं इकडेतिकडे झालं तरी टोपली होत नाही. काजं, हुक, बटणं दुहेरी दोऱ्याने. टिकल्या असतील तर इस्त्री उलट बाजूने आणि मंद. लाईट जायच्या आत उरका. घालून बघा, बगलेत आवळतंय का ते पोरालाच विचारा.

यंदाचं माझं अस्तर सकाळपासून ओसरीत टांगलंय. एव्हाना ओलसरच असेल, इस्त्रीला हीच वेळ. उठते.