परीक्षेचा उतारा ग्रीकमधून वाचताय? या चुका टाळा

मत्तय ४:१-११, लूक ४:१-१३ आणि मार्क १:१२-१३. येशूच्या रानातल्या परीक्षेचे हे उतारे नव्या कराराचं ग्रीक शिकणाऱ्याच्या हाती लवकर येतात, कारण वाक्यं आटोपशीर आणि गोष्ट पाठ असते. गोष्ट पाठ असते म्हणूनच डोळे शब्दांवरून घसरतात. खाली ग्रीक शब्द देवनागरीत दिले आहेत, पण अभ्यास ग्रीक लिपीतूनच करा. का, ते पहिल्याच चुकीत दिसेल.

दोन 'एइ' एकच समजणं

मत्तय ४:३ मध्ये 'एइ हुइओस एइ तू थेऊ' ('तू जर देवाचा पुत्र आहेस') असं आहे. पहिला 'एइ' म्हणजे 'जर' आणि दुसरा म्हणजे 'तू आहेस'. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. ग्रीकमध्ये श्वासचिन्ह दोघांवर असतं, पण नागमोडी आघातचिन्ह फक्त दुसऱ्यावर. वहीत उतरवताना चिन्हं गाळली की वाक्यात दोन 'जर' होतात आणि क्रियापद सापडेनासं होतं. म्हणून ओळ चिन्हांसकट उतरवा आणि आधी क्रियापदाखाली रेघ मारा.

'जर'चं 'ज्याअर्थी' करणं

प्रवचनांतून फार ऐकू येणारी चूक. 'एइ' आणि निश्चयार्थी क्रियापद आलं की अट खरीच असते, म्हणून सैतान 'ज्याअर्थी तू देवाचा पुत्र आहेस' असंच म्हणतोय, असा दावा केला जातो. व्याकरण एवढं सांगत नाही. ही रचना अट वादापुरती धरून चालते, इतकंच. मत्तय १२:२७ उघडा. 'मी जर बालजबूलाच्या (भुतांच्या अधिपतीच्या) साहाय्याने भुतं काढत असेन' हे येशूचं वाक्य नेमकं याच साच्यातलं आहे, आणि तिथे 'ज्याअर्थी' घातलं तर अनर्थ होतो. सैतानाला पुत्रत्वाबद्दल शंका नाही असं म्हणायचंच असेल तर आधार संदर्भात शोधा. ३:१७ मधली 'हा माझा पुत्र' ही आकाशवाणी नुकतीच होऊन गेली आहे. २७:४० मध्ये वधस्तंभाजवळून जाणारे लोक हेच शब्द टोमण्यासारखे वापरतात, तेही शेजारी ठेवून वाचा.

याच वाक्यातली एक पोटचूक. 'हुइओस'आधी (म्हणजे 'पुत्र'आधी) उपपद, म्हणजे इंग्रजी 'the'सारखा शब्द, नाही, म्हणून 'देवाचा एक पुत्र' असा अर्थ काढतात. ही अडचण इंग्रजी टीकाग्रंथांतून आपल्याकडे येते. क्रियापदाआधी आलेलं विधेय-नाम निश्चित असूनही बहुधा उपपदाशिवायच येतं. मराठीत तर उपपदच नाही.

'पेइराझो'ला एकाच अर्थात कोंडणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. या क्रियापदाचा अर्थ 'मोहात पाडणं' असा ठरवून टाकला की योहान ६:६ मध्ये अडचण होते. तिथे येशू फिलिप्पाला प्रश्न विचारतो आणि त्यासाठी हाच शब्द आला आहे. उलट 'परीक्षा पाहणं' एवढंच धरलं की मत्तय ४:३ मधल्या 'हो पेइराझोन' ('पेइराझो करणारा') या सैतानाच्या नावातला डाव निघून जातो. प्रेषितांची कृत्ये १६:७ मध्ये तर अर्थ निव्वळ 'प्रयत्न करणं' असा आहे. उत्पत्ती २२:१ च्या जुन्या ग्रीक भाषांतरात अब्राहामाची परीक्षा पाहणारा देवच आहे. शब्द एकच, पण करणारा कोण आणि हेतू काय यावर अर्थाचं पारडं झुकतं.

मत्तय ४:१ मध्ये या दोन्ही बाजू एकाच वाक्यात आहेत. 'हुपो' हे अव्यय दोनदा येतं: नेणारा आत्मा, पेइराझो करणारा सैतान. त्यामुळे मराठीत 'परीक्षा' की 'मोह' हे शब्दकोश उघडून ठरत नाही. बायबलमधल्या शब्दांना क्रमांक देणाऱ्या स्ट्राँगच्या सूचीत ३९८५ क्रमांकाखाली दिलेले सगळे अर्थ एका ओळीत कोंबू नका. ती यादी आहे, भाषांतर नव्हे. त्याऐवजी तिथले संदर्भ उघडा आणि प्रत्येकापुढे कर्ता, कर्म, हेतू असे तीन रकाने भरा. पंधरा-वीस ओळी झाल्या की चित्र स्पष्ट होतं.

याला जोडूनच 'एक्पेइराझो' (४:७) येतं. 'एक्' लागला म्हणून ती 'वाईट परीक्षा', असा नियम काही जण बनवतात. जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाच्या ८:२ च्या ग्रीक भाषांतरात हेच क्रियापद देवाने इस्राएलाची परीक्षा पाहण्यासाठी आलं आहे. नियम तिथेच मोडतो.

अवतरणाचं मूळ न उघडणं

येशूची तिन्ही उत्तरं अनुवादातली आहेत: ८:३, ६:१६ आणि ६:१३. सेप्टुआजिंट म्हणजे जुन्या कराराचं ग्रीक भाषांतर शेजारी नसेल तर निम्मा अभ्यास राहतो. ६:१६ मध्ये हिब्रू क्रियापद अनेकवचनी आहे, ग्रीक एकवचनी, आणि मत्तय ग्रीकच घेतो. त्याच वचनात मस्सा हे ठिकाणाचं नाव ग्रीकमध्ये 'पेइरास्मोस' (परीक्षा) असं चक्क भाषांतरित झालं आहे.

'ऊक एक्पेइरासेइस' हा भविष्यकाळ पाहून 'तू परीक्षा पाहणार नाहीस' असं भाकीत करू नका. ही आज्ञा आहे, दहा आज्ञांच्या धाटणीची. 'तुझा देव' यातला 'तू'सुद्धा सैतान नव्हे. मूळ वचन इस्राएलाला उद्देशून आहे आणि येशू ते स्वतःला लावून घेतो.

अओरिस्ट म्हणजे 'एकदाच' मानणं

मत्तय ४:१ मधलं 'पेइरास्थेनाइ' ('पेइराझो'चंच रूप) अओरिस्ट आहे, म्हणजे क्रिया एक पूर्ण गोष्ट म्हणून दाखवणारं ग्रीक रूप, आणि पुढे लगेच तीन परीक्षा होतात. याहून चांगला खुलासा कुठे मिळणार? काळाचा खरा फरक पाहायचा तर 'नेणं' या क्रियापदात पाहा. मत्तय 'अनेख्थे', नेला गेला. लूक 'एगेतो', नेला जात होता. मार्क 'एक्बाल्लेइ', थेट वर्तमानकाळात 'बाहेर घालवतो'. भुतं काढण्यासाठीही मार्क हेच क्रियापद वापरतो, पण म्हणून आत्म्याने येशूला हुसकावलं असं म्हणू नका. शब्दाला जोर आहे, एवढंच लिहा.

तिन्ही उतारे एकत्र कालवणं

लूकमध्ये परीक्षांचा क्रम वेगळा आहे, मंदिर शेवटी येतं. मत्तयात 'हे धोंडे', लूकमध्ये 'हा धोंडा'. मत्तयात ४० दिवसांच्या उपासानंतर परीक्षक येतो, तर लूकमध्ये 'पेइराझोमेनोस' या वर्तमानकालवाचक धातुसाधितामुळे ते ४० दिवसही परीक्षेचेच ठरतात. मार्कमध्ये उपासाचा उल्लेखच नाही. तीन रकान्यांची वही करा. नसलेला मजकूर शेजारून उसना आणू नका, तो रकाना रिकामाच ठेवा.

प्रतींतला फरक छपाईची चूक समजणं

एका प्रतीत मत्तय ४:१० मध्ये 'हुपागे ओपिसो मू', दुसरीत फक्त 'हुपागे' ('जा'). 'माझ्या मागे' हे शब्द नंतरच्या अनेक हस्तलिखितांत आहेत. मत्तय १६:२३ मध्ये पेत्राला म्हटलेलं वाक्य तिथे मिसळलं असावं. लूक ४:४ च्या शेवटी 'देवाच्या प्रत्येक वचनाने' दिसलं तर तीही नंतरची भर. वहीच्या पहिल्या पानावर आवृत्तीचं नाव लिहा: नेस्ले-आलांड २८, टेक्स्टस रिसेप्टस, जी असेल ती. गटात वाचत असाल तर सगळ्यांकडे एकच आवृत्ती ठेवा, अर्धे वाद तिथेच मिटतात.

मराठी शब्दाचं चित्र ग्रीकवर चढवणं

'रान' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर झाडी येते. 'एरेमोस' म्हणजे ओसाड, निर्मनुष्य जागा. इथे यहूदियाचा उघडाबोडका प्रदेश. 'दिआबोलोस' आणि 'सतानास' या दोघांनाही मराठीत सैतानच म्हटलं की मत्तयात येशू हाक मारताना (४:१०) नाव बदलतं हे निसटतं. 'दिआबोलोस'ची फोड 'आडवं फेकणारा' अशी करून त्यावर प्रवचन रचू नका. वापरातला अर्थ निंदक, आणि १ तीमथ्य ३:११ मध्ये तो साध्या चहाडखोर माणसांसाठी आहे. 'प्तेरुगिओन' शब्दशः 'छोटा पंख', पण मंदिराचा नेमका कोणता भाग ते शब्दावरून ठरत नाही. 'हिएरोन' मात्र अख्खं मंदिर-आवार, आतलं पवित्रस्थान 'नाओस' नव्हे.