शाळेत मॉक ड्रिल आहे? आदल्या दिवशी एवढं करा
ठाण्यात घोडबंदर रोडच्या टॉवरमधली पोरं दिवसभर लिफ्टनेच वर-खाली करतात, मग ड्रिलमध्ये जिना उतरताना ढकलाढकली होणारच. म्हणून आदल्या दिवशी बिल्डिंगचाच जिना उतरायला लावा, एका बाजूने, रेलिंग धरून, हातात काही न घेता (कंपासपेटीसाठी मागे फिरणारे नमुने प्रत्येक वर्गात असतात!). धूर असेल तर खाली वाकून चालायचं, पण भूकंपाचं ड्रिल असेल तर आधी बाकाखाली शिरून बाकाचा पाय घट्ट धरायचा, हादरे थांबले की मगच बाहेर, हा फरक लहानांना नीट समजवा. आईबाबांपैकी एकाचा नंबर तोंडपाठ हवाच, ११२ हा इमर्जन्सी नंबर पण. आणि पालकांनो, ग्रुपवर मेसेज आला म्हणून गेटवर गाड्या आणून लावू नका, खरंच काही झालं तर बंब तिथूनच आत जाणारे.