मुरलेल्या रमची तुलना करताय? या चुका टाळा

तीन बाटल्या मांडून ‘यातली भारी कुठली’ यावर भांडणं मला मनापासून आवडतं. वैताग येतो तो एवढ्याचाच, की बहुतेक बैठकींत तुलना रमची होतच नाही. होते ती लेबलवरच्या आकड्यांची, साखरेची आणि बर्फाची.

आकड्यापासूनच सुरुवात करू. ‘ही 23, ती 12, म्हणजे ही जवळपास दुप्पट जुनी’ असं छातीठोकपणे सांगणारा एक तरी गडी प्रत्येक टोळक्यात असतोच. जमैकाच्या ॲपल्टन इस्टेटवर 12 वर्षं लिहिलं असेल, तर आतली सगळ्यात कोवळी रमसुद्धा 12 वर्षं पिंपात मुरलेली असते. गयानाच्या एल डोराडोचंही तसंच. ग्वाटेमालाच्या झकापा 23 मध्ये मात्र सोलेरा पद्धतीने 6 ते 23 वर्षांच्या रम एकत्र येतात, आणि कंपनी हे लपवतही नाही. वाचायचे कष्ट आपण घेत नाही, एवढंच. म्हणून मी लेबलवर आधी ‘सोलेरा’ शब्द शोधतो. तो दिसला की आकडा माझ्यासाठी सजावट. व्हिस्कीवाल्यांनी तर वर्षांची बरोबरी लावूच नये. स्कॉटलंडच्या गारठ्यात पिंपातून वर्षाला साधारण 2 टक्के दारू उडून जाते, कॅरिबियन उष्म्यात त्याच्या तिप्पट तरी. स्कॉटलंडची 12 वर्षं म्हणजे कॅरिबियनची 12 वर्षं नव्हेत.

आता साखर. ‘काय स्मूथ आहे यार!’ हे वाक्य ऐकलं की मला आधी साखरेचाच संशय येतो. मुरलेल्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी रममध्ये साखर वरून घातलेली असते. युरोपीय संघात रम म्हणून विकायची तर लिटरमागे 20 ग्रॅमपर्यंतच साखर चालते. तेवढी म्हणजे चार चमचे होतात, आणि नवख्या जिभेला जिंकायला ते भरपूर झाले.

यावर माझ्या नागपूरच्या एका मित्राने शास्त्रोक्त उपाय काढला. त्याने अल्कोहोलमीटर मागवला, म्हणजे दारूत तरंगून तिच्यातल्या अल्कोहोलचे टक्के दाखवणारी काचेची दांडी. तत्त्व बरोबर आहे: साखरेमुळे द्रव जड होतो, काचेची दांडी वर उचलली जाते आणि मीटर लेबलपेक्षा कमी टक्के दाखवतो. लिटरमागे 20 ग्रॅम साखर असेल तर 40 ची बाटली 35 च्या आसपास दिसते. पठ्ठ्याने मोजमाप केलं ते भर मे महिन्यात. कूलर चालू, तरी खोलीत पारा 32 च्या वर. गोडगोड लागणारी रम आली बरोबर 40. ‘बघ, साखरेचा कण नाही!’ बिनसाखरेची, कोरडी रम आली 45 च्या जवळ, तर ‘यात भेसळ आहे, उद्याच दुकानदाराला पकडतो’ म्हणून उठला. मी म्हटलं, अरे, दांडीवर बारीक अक्षरात 20 अंश लिहिलंय ते वाच की! मीटर 20 अंश सेल्सियसला जुळवलेला असतो. 30-32 अंशांवर दारू पातळ होते आणि तो चार-पाच टक्के जास्त दाखवतो. म्हणजे उन्हाळ्याने साखर बेमालूम झाकली होती, आणि प्रामाणिक बाटली चोर ठरली होती. दोन्ही नमुने फ्रिजमध्ये ठेवून 20 अंशांवर आणले, तेव्हा कोरडी 40 वर आली आणि गोडीचं पितळ 35 ला उघडं पडलं. दुकानदार वाचला.

मी स्वतः मीटरच्या नादी लागत नाही. बशीत चमचाभर रम रात्रभर पंख्याखाली ठेवतो. सकाळी बोट चिकटलं की समजायचं. गोड रम आवडते? खुशाल प्या. पण बार्बाडोसच्या माउंट गेसारख्या कोरड्या रमशेजारी ठेवून तिला विजेती ठरवू नका.

टक्क्यांचाही तोच गोंधळ. आपली ओल्ड मंक 42.8 टक्के. तिच्यासमोर 50 ची ठेवली की लोक म्हणतात ‘ही जास्त कडक’. असणारच ना! 50 वाल्या 30 मिलीत चमचाभर म्हणजे 5 मिली पाणी घाला, दोघी एका पातळीवर येतील. मोजायचा कंटाळा असेल तर मतही देऊ नये.

बर्फ नको. कोला तर नकोच. कोला घालून केलेली तुलना ही कोलाची असते.

चखण्याला लसणाची शेव, बाजूला उदबत्ती आणि आत फोडणी चाललेली असताना ‘व्हॅनिलाचा वास येतोय’ म्हणणाऱ्यांपुढे मी हात टेकलेत. साधे खारे नसलेले दाणे आणि पाणी, बस.

हॅम्पडनसारखी वासाळ जमैकन रम सगळ्यात शेवटी. पिकून गेलेल्या अननसाचा आणि डिंकाचा तो भपकारा एकदा नाकात बसला की पुढची प्रत्येक रम पाणी वाटते. आणि हो, तिचा वासच तसा असतो, बाटली खराब झालेली नसते.

मार्टिनिक या कॅरिबियन बेटावरची रम बहुतेक उसाच्या रसाची, बाकी बहुतेक मळीच्या. त्या एका रांगेत बसवू नयेत. काजूची फेणी तर फळाची. गोव्याहून आणलीत, छान केलंत, तिची वेगळी बैठक करा.

रंगावर जाऊ नका, त्यात बऱ्याचदा कॅरमेल असतं.

एका रात्री तीन रम, प्रत्येकी 15 मिली. ड्युटी फ्रीच्या दोन लिटरांचा त्याच रात्री निकाल लावायची घाई असलेल्यांना मी बोलावतच नाही. पहिला घोट तर मोजायचाच नाही. त्यात जीभ फक्त दारूला सरावते.

तळाशी आलेली जुनी बाटली आणि आज फोडलेली नवी यांचीही जोडी लावू नका. अर्ध्याहून कमी उरलेली रम हवेने हळूहळू निस्तेज होते. मी ती लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरतो, वर तारखेची चिठ्ठी डकवतो आणि कपाटात उभी ठेवतो. आडवी ठेवली की बुचाला दारू लागते आणि बूच कुजतं.