ह्युमिडिफायरचं सेटिंग : आयसीयूत नवीन लागलेल्यांसाठी थोडं

मी खानापूरकडचा. रेस्पिरेटरी थेरपीचा कोर्स करून बेळगावात आयसीयूला लागलो तेव्हा व्हेंटिलेटरचे मोड तोंडपाठ होते, पण खाली अडकवलेल्या ह्युमिडिफायरकडे, म्हणजे पेशंटला जाणारी हवा गरम आणि ओली करणाऱ्या यंत्राकडे, कोण बघतंय, बटण दाबलं की झालं, असंच वाटायचं.

पहिल्याच महिन्यात एक आजोबा संध्याकाळी बायपॅपवर (मास्कमधून श्वासाला मदत करणाऱ्या मशीनवर) होते, रात्री दम वाढला म्हणून श्वासनलिकेत ट्यूब टाकली, सर्किट (मशीनच्या नळ्या) बदललं, सगळी धावपळ, आणि ह्युमिडिफायर मास्कच्याच मोडवर राहिला. माझ्याच हातून राहिला. पहाटे प्रेशरचा अलार्म थांबेना, कफ ओढायची बारीक नळी, सक्शन कॅथेटर, ट्यूबमधून खाली जाईना, जे निघालं ते वाळल्या डिंकासारखं. सिनियर अक्का बघून एवढंच म्हणाल्या, "कफ गट्टि आगेद नोड," म्हणजे कफ घट्ट झालाय बघ. मग ट्यूब बदलावी लागली. आजोबा वाचले, पण ती पहाट मी विसरलेलो नाही.

मास्क असला की हवा नाकातोंडातून जाते, नाक तिला बऱ्यापैकी गरम आणि ओलं करतं, म्हणून तिथं ३१ डिग्रीची हवा चालते. ट्यूब किंवा ट्रॅकिओस्टोमी (गळ्याला छेद देऊन घातलेली नळी) असली की नाक बायपास झालं, मग फुप्फुसाला लागणारा सगळा ओलावा मशीननंच द्यायचा, म्हणजे ३७ डिग्री आणि पूर्ण ओली हवा, लिटरमागे ४४ मिलिग्रॅम पाणी. ३१ डिग्रीला ते ३२ मिलिग्रॅमच्या आसपासच भरतं. हीटर वायरच्या (आत तापणारी तार असलेल्या) सर्किटमध्ये हवा चेंबरमधून, म्हणजे ह्युमिडिफायरच्या पाण्याच्या भांड्यातून, ३७ ला निघते आणि नळीत ४० पर्यंत तापवतात, म्हणजे वाटेत पाणी साचत नाही, आणि शेवटच्या बिनवायरच्या तुकड्यात ती परत ३७ वर येते. म्हणून स्क्रीनवर ४० दिसलं की घाबरून कमी करू नका, मी केलंय.

तरीपण नुसत्या आकड्यावर जाऊ नका हं. पेशंटजवळच्या तुकड्यात बारीक दव दिसतंय का बघा, कफ पातळ निघतोय का बघा. नळी एकदम कोरडी असेल तर काहीतरी चुकलंय. एसीचा झोत थेट नळीवर आला तर पाणी साचतं, नळी हलली की ते मागंपुढं होतं आणि व्हेंटिलेटरला वाटतं पेशंटनंच श्वास घेतला. नातेवाईक पण विचारतात, "नीर याक बंतु?", म्हणजे पाणी का आलं? ते पाणी वॉटर ट्रॅपमध्ये (नळीला लावलेल्या पाणी साठवायच्या कपात) किंवा बाहेर काढायचं, पेशंटकडं कधीच नाही आणि चेंबरमध्ये परत पण नाही, त्यात जंतू असतात. चेंबर पेशंटच्या पातळीखालीच ठेवा.

आणि उन्हाळ्याचं एक कुणी सांगत नाही. लाईट गेली, एसी बंद, खोली तापली की आत येणारी हवाच गरम असते, मग चेंबरला ३७ गाठायला खालची हीटरची प्लेट जास्त तापवावी लागत नाही, पाण्याची वाफ कमी होते, आकडा बरोबर आणि हवा कोरडी. मे महिन्यात चेंबरच्या आतल्या भिंतीवर थेंब नसतील तर आधी खोली थंड करायला सांगा.

व्हेंटिलेटर स्टँडबायला टाकला की ह्युमिडिफायर पण बंद करा, नाहीतर हवा न वाहता पाणी तापत राहतं आणि परत जोडलं की पहिला झोत गरमच जातो. एचएमई फिल्टर (पेशंटच्याच श्वासातली ऊब आणि ओल धरून परत देणारा फिल्टर) आणि ह्युमिडिफायर दोन्ही एकत्र लावायचं नाही, फिल्टर भिजून श्वासच अडतो. मी आता ड्युटी घेताना मॉनिटरच्या आधी वाकून मोडचा लाईट बघतो, मास्कचा की ट्यूबचा, मग पाण्याची पातळी, मग बाकी सगळं.