दूरच्या पुराला गाठोडी नकोत

परदेशात महापूर आला की प्रार्थनासभा भरते आणि दाराशी जुन्या कपड्यांचा ढीग लागतो. ते कपडे बोटीने पोचायला आठवडे जातात, वर कस्टम आणि निवडानिवड तिथल्याच लोकांच्या गळ्यात.

१. संयुक्त राष्ट्रांच्या ‘रिलीफवेब’ या मदतकार्याची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर देश निवडून ताजा परिस्थिती अहवाल उघडा.
२. त्यातली गावांची नावं आणि गरजा प्रार्थनेत वाचा.
३. सभा उठण्याआधीच पैसे गोळा करा आणि जिची माणसं आधीपासून तिथे आहेत अशाच संस्थेला द्या.

पाणी ओसरल्यावरही निधी चालू ठेवा. मोझांबिकच्या बेइरात मार्च २०१९च्या ‘इदाई’ वादळानंतर दोन आठवड्यांत कॉलरा आला. ६७ मिलिग्रॅमची क्लोरीन गोळी २० लिटर नितळ पाण्याला पुरते. बाटल्या कशाला पाठवायच्या?

फॉरवर्ड आलेल्या क्यूआर कोडवर मात्र पैसे टाकू नका. संस्थेच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा.