शाळा समितीत जायचंय? अध्यक्षपद राहू द्या, आराखडा धरा

पालक सभेची चिठ्ठी दप्तरातून आली की त्या दिवशी शाळेत जाच. मी येरवड्यात ब्लाउज शिवते, माझी तेवढी मजुरी बुडते, पण जाते. महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांना शाळा व्यवस्थापन समिती नेमावीच लागते. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २१: तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या बायका. पण पालक सभेतली ही निवड बऱ्याचदा टाळ्या वाजवून चहा यायच्या आत उरकतात. म्हणून आधीच वर्गातल्या तीन-चार आयांशी बोलून ठेवा. नाव कोण सुचवणार, अनुमोदन कोण देणार, ते ठरवून जा. वस्तीतला एखादा कार्यकर्ता आपल्या वहिनीचं नाव पुढे करतोच. भांडू नका. "मॅडम, हात वर करून मत घ्या आणि प्रोसिडिंगमध्ये लिहा," एवढंच म्हणा.

अध्यक्षपदासाठी जीव टाकू नका. हारतुरे आणि झेंडावंदनाची खुर्ची ज्याला हवी त्याला मिळू दे. मुख्याध्यापक सदस्य-सचिव असतात, म्हणजे कागद त्यांच्याकडे. तुम्ही इतिवृत्ताची, म्हणजे प्रोसिडिंगची, वही वाचायला मागा. न वाचता सही करू नका, मग "ताई, घाई आहे" कितीही म्हणोत.

खरं काम आहे शाळा विकास आराखड्याचं, म्हणजे शाळेत काय हवंय, काय दुरुस्त करायचंय ते लिहून काढण्याचं. महापालिकेच्या शाळेत कलम २२ प्रमाणे तो समितीनेच करायचा (अनुदानित शाळेची समिती फक्त सल्ला देते) आणि शाळेच्या अनुदानाचं नियोजन त्याच्या आधारे व्हायचं. आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी तो तयार हवा, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच बसा. शाळेत फिरून मोजा. 'शौचालय दुरुस्ती' असं मोघम लिहिलं की कुणीच हलत नाही. 'मुलींच्या शौचालयाच्या दोन दारांना कडी नाही, वरची टाकी गळते' असं लिहिलं की इंजिनिअरला खर्च काढावाच लागतो. (कडीचा मुद्दा बाप सुचवत नाहीत. बायका निम्म्या का हव्यात, ते इथे कळतं.)

समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं शाळा अनुदान पटावर ठरतं: १०१ ते २५० मुलं असतील तर ५० हजार, २५१ ते १००० ला ७५ हजार, त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर. खडू, लाइट बिल, किरकोळ डागडुजी यातच ते संपतं. छताची गळती त्यात भागत नाही, ती महापालिकेच्या अंदाजपत्रकात बसवावी लागते. आयुक्त ते जानेवारीच्या आसपास स्थायी समितीपुढे मांडतात. म्हणून समितीत ठराव करून त्याची प्रत त्याआधीच क्षेत्रीय कार्यालयात आणि नगरसेवकाकडे द्या. पोच घ्या, "देऊन टाका, बघतो"वर परत येऊ नका.

खर्चाचा हिशेब आधी बैठकीत तोंडी मागा. नाहीच दाखवला तर माहिती अधिकार: दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत; उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात 'भ्रष्टाचार' वगैरे लिहू नका. एप्रिल ते मार्चच्या व्हाउचरच्या प्रती मागा, बस.