कवळी मोडली, कॅपचा टवका उडाला? मटेरियलला दोष देण्याआधी या चुका तपासा

रुमालाची गाठ सोडून आजोबांनी वरच्या कवळीचे दोन तुकडे टेबलावर ठेवले. “मऊ भात खात होतो हो डॉक्टर, सुपारीबिपारी काही नाही.” अशा वेळी आपण मान डोलावतो आणि मनात म्हणतो, काहीतरी फोडलंच असणार. मीही तेच म्हटलं. मग तुकडे भिंगाखाली धरले. वरच्या ओठाच्या पडद्यासाठी कवळीला पुढे जी खाच ठेवतात, तिथून भेग सुरू होऊन सरळ मागे टाळूकडे गेली होती. खाचेजवळचा सेंटिमीटरभर भाग गुळगुळीत होता आणि त्यावर चहाचा तपकिरी डाग मुरला होता. त्यापुढचा भाग कोरा, खरबरीत, आजचा. म्हणजे भेग कित्येक आठवडे तिथे मुक्कामाला होती आणि रोज चहा पीत होती. भाताच्या घासाने फक्त उरलेलं काम उरकलं. आजोबा खरं बोलत होते.

मटेरियल घेताना आपण डब्यावरचा मेगापास्कलचा (ताकद मोजायच्या एककाचा) आकडा बघतो. तो आकडा खोटा नसतो. पण तो मोजून मिसळलेल्या, नीट शिजवलेल्या, पॉलिश केलेल्या नमुन्यावर काढलेला असतो, आणि बहुतेक वेळा नमुना एकदाच वाकवून. आपल्या बाऊलमधून, फ्लास्कमधून (कवळी शिजवायच्या साच्यातून) आणि एअरोटरखालून (घासायच्या वेगवान यंत्राखालून) गेल्यावर त्यातलं किती शिल्लक राहतं, ते डब्यावर छापलेलं नसतं. ते मोडलेल्या तुकड्यावर दिसतं. म्हणून पहिली चूक हीच: तुकडा कचऱ्यात टाकून नवीन माप घ्यायला बसणं.

कवळी मधोमधच का मोडते

आयएसओच्या मानकाप्रमाणे हीट क्युअर ॲक्रिलिकची (उष्णतेने शिजवून घट्ट करतात त्या कवळीच्या प्लास्टिकची) फ्लेक्सुरल स्ट्रेंथ, म्हणजे वाकवताना मोडेपर्यंतची ताकद, किमान ६५ मेगापास्कल असावी लागते. रोजच्या चघळण्यात एवढा ताण येत नाही. तरी कवळी मोडते, कारण ताण एकदा येऊन थांबत नाही. दात काढल्यावर हिरडीखालचं हाड वर्षानुवर्षं झिजत जातं, टाळूच्या मध्यरेषेवरचं हाड मात्र तसंच टणक राहतं. मग कवळी त्या उंचवट्यावर तराजूच्या दांडीसारखी झुलायला लागते आणि प्रत्येक घासाला मधोमध थोडीशी वाकते. हातात तार धरून इकडेतिकडे वाकवत राहिलं की ती तुटते, तोच हा प्रकार. त्यात खाच इंग्रजी ‘व्ही’सारखी टोकदार कापलेली असली तर सगळा ताण त्या टोकाशी गोळा होतो. खालचे दात स्वतःचे, नैसर्गिक असतील तर विचारायलाच नको.

आजोबांची कवळी आधी एकदा जोडलेली होती. जोडणाऱ्याने जोड नीट दिला होता, पण झुलण्याचं कारण तसंच ठेवलं होतं. नुसती चिकटवून दिलेली कवळी परत येणारच. मध्यरेषेवर रिलीफ द्या (आतून थोडी जागा सोडा), खाच गोल करून पॉलिश करा, बसत नसेल तर रिलाइन करा (आतून नवा थर द्या). हाड फार झिजलेलं असेल आणि खाली नैसर्गिक दात असतील, तर हाय इम्पॅक्ट रेझिन (धक्का सोसणारं ॲक्रिलिक) किंवा धातूचा बेस यांचा खर्च पेशंटला आधीच समजावून सांगितलेला बरा.

जोडतानाही हमखास होणारी एक घाई असते. तुकड्यांच्या कडा तशाच ठेवून मधल्या फटीत सेल्फ क्युअर (न शिजवता आपोआप घट्ट होणारं ॲक्रिलिक) ओततात. कडा तिरप्या आणि गोलसर करा, मध्ये दोन-तीन मिलिमीटर जागा सोडा आणि कडा तीन मिनिटं मोनोमरने (ॲक्रिलिकच्या लिक्विडने) ओल्या ठेवा. ही तीन मिनिटं बहुतेक ठिकाणी वीस सेकंदांवर उरकली जातात. जोड प्रेशर पॉटमध्ये सेट केला तर बुडबुडे कमी राहतात. इतकं करूनही सेल्फ क्युअरचा जोड मूळ ॲक्रिलिकच्या ताकदीला पोचत नाही, हे पेशंटला सांगून ठेवा. आणि घरी इन्स्टंट गोंद लावून कवळी जोडू नका, हेही सांगा. गोंदाचा थर बसला की कडा पुन्हा अचूक जुळत नाहीत आणि जोडता आली असती ती कवळी नव्याने करावी लागते.

आता लॅबची बाजू. मोडलेल्या कडेवर जाड भागाच्या आतच बारीक बुडबुडे दिसत असतील आणि पातळ भाग स्वच्छ असेल, तर फ्लास्क घाईने तापवलेला आहे. मोनोमर १००.८ अंश सेल्सिअसला उकळतो. रेझिन सेट होताना स्वतःही उष्णता सोडतं. पातळ भागातली उष्णता भोवतीच्या प्लास्टरमध्ये निघून जाते, जाड भागातली आत अडकते, तिथे मोनोमर उकळतो आणि त्याचे बुडबुडे तसेच गोठतात. हेच बुडबुडे सगळीकडे, पातळ भागातसुद्धा विखुरलेले असतील तर गुन्हेगार दुसरा: डो (पावडर आणि मोनोमरचा कणकेसारखा गोळा) तयार होण्याआधी पॅकिंग केलं, किंवा फ्लास्कला दाब कमी पडला. दोन्ही चुकांवर उपाय वेगवेगळे आहेत, म्हणून आधी नीट बघायचं.

७४ अंशांवर ८ तास, किंवा ७४ अंशांवर २ तास आणि मग १०० अंशांवर १ तास, हे जुने हिशोब अजूनही चोख आहेत. संध्याकाळी फ्लास्क लावून घरी जायचं आणि रात्री मध्येच वीज गेली तर सकाळी टायमर संपलेला दिसतो, पण रेझिन अर्धकच्चं राहिलेलं असतं. अशा कवळीत उरलेला मोनोमर तिला मऊ करतो आणि पेशंटच्या हिरडीचीही आग करतो. दुसरी घाई थंड करताना होते. गरम फ्लास्क थेट नळाखाली धरला की ॲक्रिलिक आणि प्लास्टर वेगवेगळ्या गतीने आकसतात आणि ताण कवळीत कोंडला जातो. फ्लास्क अर्धा तास टेबलावर राहू द्या, मग पाण्यात घाला. कोंडलेला ताण पुढे कधीतरी बाहेर पडतोच: पेशंटने कवळी उकळत्या पाण्यात टाकली की ती वाकडी होते, स्पिरिटने पुसली की तिच्यावर केसासारख्या रेघा उमटतात.

पाणी डोळ्यांनी मोजू नका

मापातून मॉडेल ओततो त्या शंभर ग्रॅम प्लास्टरला सेट होण्यासाठी रासायनिक दृष्ट्या लागतं फक्त १८.६ मिलिलिटर पाणी. त्यावरचं सगळं पाणी आपण केवळ मिश्रण ओतता यावं म्हणून घालतो. ते नंतर उडून जातं आणि जागेवर पोकळ्या सोडून जातं. शंभर ग्रॅमला प्रत्यक्षात घालायचं पाणी असं: प्लास्टरला ४५ ते ५० मिलिलिटर, त्याहून कडक स्टोनला २८ ते ३०, सगळ्यात कडक डाय स्टोनला २२ ते २४. रासायनिक दृष्ट्या तिन्ही एकच आहेत, फरक कणांच्या आकारात आणि घनतेत आहे. डाय स्टोनचे कण भरीव, गुळगुळीत, म्हणून त्यांना पाणी कमी पुरतं आणि म्हणूनच तो कडक होतो. त्यात प्लास्टरच्या सवयीने नळाखाली बाऊल धरून पाणी घातलं, तर महागड्या पिशवीतून आपण स्वस्त प्लास्टर बनवतो.

वेळ सांभाळली नाही तरी तेच. ओल्या मॉडेलची ताकद सुकलेल्याच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी असते. ‘हाताला कडक लागतंय’ म्हणून तासाभरात डायवर (एका दाताच्या मॉडेलवर) वॅक्स चढवून कोरायला बसलं की मार्जिन (कॅपची कड जिथे टेकते ती रेषा) घासलं जातं, आणि मग कॅप बसत नाही म्हणून क्लिनिक आणि लॅब यांचे फोन सुरू होतात. कोकणात पावसाळ्यात उघड्या पिशवीतला प्लास्टर हवेतला ओलावा पितो. त्याच्या सेटिंग टाइमचा भरवसा राहत नाही आणि ताकदही घटते. घट्ट झाकणाचा डबा लागतो, बास.

पातळ सिमेंट

ग्लास आयोनोमर (पावडर आणि लिक्विड मिसळून करायचं सिमेंट) दातात भरताना नेहमीची तक्रार असते, ‘महिन्यात झिजलं’. असिस्टंटचा हात बघा. लिक्विडची बाटली तिरपी धरली की थेंब लहानमोठा पडतो आणि आत हवेचा बुडबुडा असला तर आणखी गडबड. बाटली उभी धरायची. पावडरची बाटली आधी हलवायची, चमचा सपाट करून घ्यायचा. मिसळायला सोपं जातं म्हणून पावडर हात राखून घातली की ताकद तिथेच गेली. पावडर जास्त झाली तरी ओली चकाकी लवकर जाते, आणि चकाकी गेलेलं मिश्रण दाताला धरत नाही. ते कितीही जिवावर आलं तरी फेकून द्यायचं. भरल्यावर वरून वार्निश किंवा व्हॅसलीन लावायचं, कारण पहिल्या काही तासांत लाळेने ते विरघळतं आणि कोरडं पडलं तर तडकतं. दोन्ही बाजूंनी नाजूक.

झिंक फॉस्फेट हे जुनं सिमेंट अजून वापरत असाल तर गार स्लॅबवर (मिसळायच्या काचेवर) दव जमू देऊ नका. मेमधल्या उकाड्यात फ्रिजमधून काढलेल्या काचेवर मिनिटात पाणी सुटतं आणि ते पाणी सिमेंटमध्ये जातं.

वरून दगड, खालून कच्चं

कॉम्पोझिट (दातात भरून लाइटने घट्ट करायचं मटेरियल) प्रोबने, म्हणजे टोकदार सळईने, टोचून ‘कडक झालं’ म्हणणं ही फसवी परीक्षा आहे. प्रोब लागतो पृष्ठभागाला, आणि प्रकाश सगळ्यात जास्त पोचतो तोही तिथेच. खोल बॉक्सच्या (दाताच्या बाजूला कोरलेल्या खड्ड्याच्या) तळाशी, जिथे लाइटचं टोक सहा-सात मिलिमीटर लांब राहतं, तिथे काय झालं ते प्रोबला कळत नाही. तळ कच्चा राहिला की ताठपणा कमी पडतो, चावताना वरचा थर खाली दबतो आणि मग मार्जिन उघडतं.

साधा हिशोब ठेवा. चौरस सेंटिमीटरला ४०० मिलिवॉट देणारा लाइट ४० सेकंद धरला की तेवढ्या जागेला १६ जूल ऊर्जा मिळते. नेहमीच्या कॉम्पोझिटच्या दोन मिलिमीटरच्या थराला साधारण इतकी लागते. लाइटचं टोक एकदा उजेडात फिरवून बघा. आमच्या एका लाइटवर कॉम्पोझिटचा वाळलेला खपला चिकटलेला होता, नखाएवढा, आणि तो किती महिने होता कुणास ठाऊक. तो खरवडल्यावर रेडिओमीटरचा (प्रकाश मोजायच्या यंत्राचा) काटा वर गेला. नवीन लाइट घ्यायचा विचार चालला होता.

ब्रिज: इथे गणित माफ करत नाही

शेजारच्या दातांवर टेकलेल्या ब्रिजमधला मधला खोटा दात एक असो की दोन, ब्रिज तो ब्रिज, असं वाटतं. पण आधारांमधलं अंतर दुप्पट झालं की ब्रिज आठपट वाकतो, तिप्पट झालं की सत्तावीसपट. अंतराचा घन. उलट बाजूने तेच कनेक्टरच्या (ब्रिजच्या दोन दातांमधल्या जोडाच्या) उंचीला लागू आहे. हिरडीजवळ जागा सुटावी, दिसायला नाजूक दिसावं म्हणून ४ मिलिमीटर उंचीचा कनेक्टर ३ मिलिमीटरवर आणला, तर त्याचा ताठपणा निम्म्याहून खाली, सुमारे ४२ टक्क्यांवर येतो आणि ताकद ५६ टक्क्यांवर. रुंदी वाढवून ही भरपाई होत नाही, रुंदी दुप्पट केली तरी ताठपणा फक्त दुप्पट. चुलीवरची फळी आडवी टाकली तर वाकते, उभ्या कडेवर ठेवली तर वाकत नाही, हे आपल्या आज्यांना माहीत होतं.

त्यात लॅबच्या स्लिपवर नुसतं ‘झिरकोनिया’ (कॅप-ब्रिजचं पांढरं सिरॅमिक) लिहून मोकळं होणं ही आजची सगळ्यात महाग चूक आहे, असं माझं मत. ३ मोल टक्के यिट्रिया (झिरकोनियात मिसळायचा ऑक्साइड) असलेला अपारदर्शक झिरकोनिया ९०० ते १२०० मेगापास्कलचा असतो. त्यात चीर पुढे सरकायला लागली की तिच्या टोकाशी असलेले कण आपलं स्फटिकरूप बदलतात, फुगतात आणि चिरीला दाबून धरतात. दाताचा रंग सुंदर देणाऱ्या ५ मोलच्या झिरकोनियात हा गुण जवळजवळ उरत नाही आणि ताकदही निम्म्याच्या आसपास येते. पुढच्या एका दातासाठी तो झकास आहे. मागच्या चार युनिटच्या (चार दातांच्या) ब्रिजसाठी तो मागितला गेला, तर चूक आपल्या पेनाची आहे. स्लिपवर मोल लिहा, कनेक्टरचं क्षेत्रफळ लिहा. तीन युनिटच्या मागच्या झिरकोनिया ब्रिजला ९ चौरस मिलिमीटरच्या खाली जाऊ नका.

मग चेअरवर कॅप हाय लागते, म्हणजे चावताना तीच आधी टेकते. जाड डायमंड बर (हिऱ्याच्या दाण्यांचं घासायचं टोक), पाणी बंद, कारण ‘नीट दिसत नाही’. त्या अर्ध्या मिनिटात पृष्ठभागावर सूक्ष्म चिरा पडतात. बारीक दाण्याचा बर, भरपूर पाणी, हलका हात, आणि मग रबर पॉलिशरचे सगळे टप्पे. कॅपवर चावणारा समोरचा दात झिजतो तो झिरकोनिया कडक आहे म्हणून कमी, खरबरीत सोडला म्हणून जास्त.

क्रोम कोबाल्टच्या कास्ट पार्शलबद्दल (धातू ओतून केलेल्या, काहीच दातांच्या कवळीबद्दल) एकच सांगतो. क्लास्प, म्हणजे दाताला धरणारी आकडी, सैल झाली की पक्कडीने आत वाकवायची, हा रिवाज आहे. हा धातू ताठ आहे, पण तुटण्याआधी फार थोडा ताणला जातो. म्हणून कास्ट क्लास्पला पाव मिलिमीटरच अंडरकट (दाताच्या फुगवट्याखालची खोली) देतात, आणि म्हणून ती पुन्हापुन्हा वाकवायची वस्तू नव्हे. एका काकूंची क्लास्प मी दोन वर्षांत दोनदा वाकवून दिली होती. तिसऱ्यांदा पक्कड लावली, टक् असा आवाज झाला आणि टोक त्यांच्या मांडीवर पडलं. ते टोक नंतर भिंगाखाली धरलं, तर आतल्या बाजूला पक्कडीच्या जुन्या दातांचे दोन ओरखडे होते आणि भेग बरोबर खालच्या ओरखड्यातून निघाली होती.